बॉबी हल आणि शिकागोचे वर्ट्झ घराणे : खेळाडू आणि मालक यांच्यातील दुरावा

टिळकवाडीकर

बंडू पाटील यांच्या रूपाने बेळगावने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघाला खेळाडू दिला, त्यामुळे येथील वाचकांना हॉकी नवी नाही. हा धागा मात्र बर्फावरच्या हॉकीतील एका प्रकरणाविषयी आहे. खेळ वेगळा असला, तरी त्यातला प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे, असे मला वाटते.

कॅनडाचा बॉबी हल १९५७ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, शिकागो ब्लॅक हॉक्स या संघात आला. १९६१ मध्ये या संघाने स्टॅन्ली चषक, म्हणजे नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील प्रमुख लीगचे विजेतेपद, जिंकला. १९६५-६६ च्या हंगामात हलने ५४ गोल केले आणि एका हंगामात पन्नासाच्या पुढे जाणारा तो नॅशनल हॉकी लीगमधील पहिला खेळाडू ठरला. तीन वर्षांनी त्याने ५८ गोल करून स्वतःचाच विक्रम मागे टाकला. शिकागोचे प्रेक्षागृह त्याच्या नावावर भरत असे. संघाची मालकी आर्थर वर्ट्झ यांच्याकडे होती आणि कारभार त्यांचे चिरंजीव बिल वर्ट्झ पाहत असत. एवढा खेळाडू हाताशी असूनही करारातील शब्द पाळण्याच्या बाबतीत या पितापुत्रांनी हात आखडता घेतला, ही हलची जुनी तक्रार होती. १९६९ च्या हंगामाच्या सुरुवातीला याच कारणावरून तो काही सामने मैदानाबाहेर राहिला आणि शेवटी त्यालाच नमते घेऊन परतावे लागले.

१९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही नवी लीग उभी राहत होती. नव्या लीगला नाव मिळवून देईल असा एक मोठा खेळाडू हवा होता, म्हणून सर्व संघांनी वर्गणी काढून दहा लाख डॉलर जमवले आणि कॅनडातील विनिपेग जेट्स या संघामार्फत हलपुढे ठेवले. पुढील दहा वर्षांचे मानधन धरून हा करार सुमारे साडेसत्तावीस लाख डॉलरचा होता. बोलणी बरेच दिवस चालू होती आणि वृत्तपत्रांत त्यांची चर्चाही होत होती. तरीही शिकागोच्या मालकांनी हे प्रकरण गांभीर्याने घेतले नाही. आपला खेळाडू आपल्याला सोडून जाऊच शकत नाही, अशी त्यांची खात्री होती. २७ जून १९७२ रोजी विनिपेगच्या मुख्य चौकात हजारो लोकांसमोर त्या दहा लाखांचा भलामोठा धनादेश हलच्या हाती देण्यात आला, तेव्हा त्या खात्रीला काहीच अर्थ उरला नाही.

यानंतर मालकांनी जे केले, त्याने नाते पुरते फाटले. शिकागोने न्यायालयात धाव घेतली आणि मनाई हुकमामुळे हलला नव्या संघाकडून सुरुवातीचे सामने खेळता आले नाहीत. त्याच सप्टेंबरमध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची गाजलेली मालिका झाली, तिच्यातूनही त्याला वगळण्यात आले, कारण संघात फक्त नॅशनल हॉकी लीगशी करारबद्ध असलेलेच खेळाडू घ्यायचे असे ठरले होते. पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी त्याला घ्यावे म्हणून तार पाठवली, पण उपयोग झाला नाही. त्याचा धाकटा भाऊ डेनिस हा शिकागोचाच खेळाडू होता. भावाला वगळले म्हणून तो स्वतःही न जाण्याच्या विचारात होता, आणि त्याची समजूत घालून त्याला संघात पाठवणारा बॉबीच होता.

हलशिवाय शिकागोचा संघ १९७३ मध्ये अंतिम फेरीपर्यंत गेला आणि माँट्रियलकडून हरला. त्यानंतर पुन्हा अंतिम फेरी गाठायला १९९२ साल उजाडले आणि १९६१ नंतरचा चषक थेट २०१० मध्ये आला. डिसेंबर १९८३ मध्ये संघाने हलचा ९ क्रमांक निवृत्त केला, म्हणजे औपचारिक सन्मान झाला. पण संघाच्या घरात त्याला स्थान मिळाले नाही. बिल वर्ट्झ यांच्या कारकिर्दीत घरच्या मैदानावरचे सामने शिकागोच्या दूरचित्रवाणीवर दाखवले जात नसत, कारण तिकीट काढून येणाऱ्यावर अन्याय होतो, असे त्यांचे म्हणणे होते. खेळाडू गेला, पाठोपाठ प्रेक्षकही दुरावला.

सप्टेंबर २००७ मध्ये बिल वर्ट्झ यांचे निधन झाले. ऑक्टोबरमधील घरच्या पहिल्या सामन्याआधी त्यांना श्रद्धांजली वाहिली जात असताना प्रेक्षकांनी आरडाओरडा करून नापसंती व्यक्त केली. मृत माणसाच्या श्रद्धांजलीत असे घडावे, हे मला आजही योग्य वाटत नाही, परंतु इतकी वर्षे साचलेला राग कुठून तरी बाहेर पडणारच होता. त्यांचे चिरंजीव रॉकी वर्ट्झ यांनी सूत्रे घेताच सामने दूरचित्रवाणीवर आणले आणि २००८ मध्ये बॉबी हल व त्याचा शिकागोतील जुना सहकारी स्टॅन मिकिटा यांना संघाचे सदिच्छादूत म्हणून सन्मानाने परत बोलावले. २०११ मध्ये दोघांचे पुतळेही उभे राहिले.

१९७२ ते २००८ या छत्तीस वर्षांच्या दुराव्यात खेळाडूपेक्षा मालकांचा दोष मोठा आहे, असे माझे मत आहे. पैसे कमी दिले, ही त्यातील लहान गोष्ट झाली. खेळाडूला गृहीत धरले, ही मोठी. आपल्या भागातील क्रीडाप्रेमींना काय वाटते, ते जाणून घ्यायला आवडेल.

मलप्रभाकाठ

टिळकवाडीकर, लेख माहितीपूर्ण आहे, पण निष्कर्ष एकांगी वाटतो. ज्या संघाने अठरा वर्षांच्या मुलाला उभे केले, त्याला सोडून तो दहा लाख डॉलरसाठी गेला, ही वस्तुस्थिती आपण एका वाक्यात ओलांडून पुढे गेलात. व्यवसाय दोन्ही बाजूंनी असतो, हे मान्य. मग मालकाने न्यायालयात जाणे हाही व्यवसायाचाच भाग आहे, त्यात कटुता कसली? शिवाय शिकागोच्या प्रेक्षकाने पंधरा वर्षे ज्याच्यावर जीव टाकला, त्याचा विचार हलने केला होता का, हाही प्रश्न विचारायला हवा.

टिळकवाडीकर

मलप्रभाकाठ, आपला आक्षेप रास्त आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. त्या काळी नॅशनल हॉकी लीगच्या करारात राखीव हक्काचे एक कलम असे. कराराची मुदत संपली, तरी खेळाडूवर त्याच संघाचा हक्क कायम राहत असे आणि दुसऱ्या कोणत्याही संघाला त्याच्याशी बोलणी करता येत नसत. आपल्याकडचा सालगडीसुद्धा पाडव्याला हिशेब करून दुसऱ्या मालकाकडे जाऊ शकतो. जगातील सर्वोत्तम हॉकीपटूला तेवढीही मुभा नव्हती. नोव्हेंबर १९७२ मध्ये फिलाडेल्फियाचे न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी या कलमाच्या आधारे खेळाडूंना अडवण्यास मनाई केली, तेव्हा कुठे हल आणि इतर खेळाडू मोकळे झाले.

म्हणूनच मालकाने न्यायालयात जाणे आणि खेळाडूने संघ सोडणे या दोन गोष्टी मला एका मापाने मोजता येत नाहीत. हलच्या जाण्याने फक्त हलचे भले झाले असेही नाही. दुसरे दार उघडल्याबरोबर जुन्या लीगमधील खेळाडूंचेही मानधन वाढू लागले, कारण ते न वाढवल्यास खेळाडू निघून जाईल, ही भीती मालकांना प्रथमच वाटू लागली. प्रेक्षकांविषयी आपण लिहिलेत, ते मला पटते. त्यांचे नुकसान झाले आणि त्याची भरपाई कोणीच केली नाही.

निपाणीचा वाचक

या चर्चेत टेड लिंडसे यांचे नाव यायला हवे. हलचा अपमान समजून घ्यायचा असेल, तर पंधरा वर्षे मागे जावे लागेल. लिंडसे हा डेट्रॉइट रेड विंग्जचा आघाडीचा खेळाडू. १९५७ मध्ये त्याने खेळाडूंची संघटना उभी करण्याचा प्रयत्न केला. निवृत्तिवेतन निधीचा हिशेब दाखवा, एवढ्या साध्या मागणीपासून त्याची सुरुवात झाली होती. त्याच वर्षी डेट्रॉइटने त्याला शिकागोकडे पाठवून दिले. शिकागोचा संघ तेव्हा सर्वांत कमकुवत समजला जाई आणि तेथे जाणे ही शिक्षाच मानली जात असे. यातील मेख अशी की, डेट्रॉइटची मालकी नॉरिस घराण्यातील ब्रूस यांच्याकडे होती आणि शिकागोच्या मालकीत आर्थर वर्ट्झ यांचे भागीदार होते जेम्स नॉरिस, म्हणजे ब्रूस यांचे सावत्र भाऊ. सहा संघांच्या लीगमध्ये मालक असे एकमेकांत गुंतलेले असताना खेळाडूने दाद मागायची कुणाकडे?

डेट्रॉइटने १९९१ मध्ये लिंडसेचा ७ क्रमांक निवृत्त केला. त्या माणसाचा पीळ किती घट्ट होता, ते एका प्रसंगावरून कळते. १९६६ मध्ये त्याची निवड हॉकीच्या सन्मानदालनात झाली, पण त्या समारंभाला स्त्रियांना प्रवेश नसल्यामुळे पत्नी आणि मुले येऊ शकणार नव्हती. म्हणून तो स्वतःही गेला नाही. पुढच्या वर्षापासून तो नियम बदलला.

दुसरे उदाहरण बॉबी ऑरचे. १९७६ मध्ये तो बोस्टन सोडून याच वर्ट्झ यांच्या शिकागोत आला. बोस्टनच्या मालकांनी आपल्याला वाऱ्यावर सोडले, असे त्याला वाटत होते, कारण तसे त्याचा प्रतिनिधी ॲलन इगलसन याने त्याला सांगितले होते. प्रत्यक्षात बोस्टनने त्याला संघाच्या मालकीत साडेअठरा टक्के वाटा देऊ केला होता आणि ही गोष्ट इगलसनने त्याच्यापासून दडवून ठेवली. पुढे १९९८ मध्ये इगलसन इतर फसवणुकीच्या गुन्ह्यांत दोषी ठरला. तेव्हा प्रत्येक दुराव्यात मालकच खलनायक असतो, असे धरून चालू नये. मध्यस्थाकडेही पाहावे.

कॅम्पातील माजी सैनिक

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत सेवा केली असल्यामुळे हा विषय मला अधिक जवळचा आहे. तुम्ही सर्व मंडळी अमेरिका-कॅनडातील मालकांविषयी लिहीत आहात. भारतीय हॉकीत मालक म्हणून कोणी शेठ नव्हता, पण मालकी होती आणि ती महासंघाची होती. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच रेजिमेंटमधले आहे.

गोलरक्षक शंकर लक्ष्मण यांचा जन्म १९३३ मध्ये महूला झाला. १९४७ मध्ये ते बँडपथकातील मुलगा म्हणून लष्करात आले आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे झाले. मेलबर्न १९५६ चे सुवर्ण, रोम १९६० चे रौप्य आणि टोकियो १९६४ चे सुवर्ण, अशी तीन ऑलिंपिक पदके त्यांच्या नावावर आहेत. टोकियोच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध मोहिंदर लाल यांनी केलेला एकमेव गोल सर्वांच्या लक्षात राहतो. तो एक गोल पुरेसा ठरला, कारण मागे लक्ष्मण उभे होते. आजच्या गोलरक्षकाच्या अंगावर शिरस्त्राणापासून जाड पॅडपर्यंत सगळे असते. त्या पिढीच्या पायांना साधे पॅड असत, चेहऱ्यावर काही नसे, आणि खडबडीत मैदानावर चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नसे. बेळगावच्या कॅम्पातील मैदानावर ज्यांनी मुरमाच्या जमिनीवर हॉकी खेळली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पायावर, नडगीवर बसलेला तो चेंडू महिनाभर आठवण देतो.

१९६६ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत लक्ष्मण कर्णधार होते आणि भारताने सुवर्ण जिंकले. दोन वर्षांनी मेक्सिको ऑलिंपिकच्या संघात त्यांना घेतले नाही. त्यांनी हॉकी सोडली ती सोडलीच. १९७९ मध्ये ते कॅप्टन म्हणून लष्करातून निवृत्त झाले आणि २००६ मध्ये पायाच्या गँगरीनने महूलाच त्यांचे निधन झाले.

१९६६ नंतर पुन्हा आशियाई सुवर्ण मिळायला बत्तीस वर्षे लागली. १९९८ मध्ये पुन्हा बँकॉकच होते. कर्णधार होते खडकीचे धनराज पिल्ले आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध टायब्रेकरमध्ये भिंतीसारखे उभे राहिले ते बंगळुरूचे आशिष बल्लाळ. विजयाचा गुलाल उतरण्याआधीच या दोघांसह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना पुढील संघातून वगळण्यात आले. विश्रांती दिली, असे कारण सांगितले गेले, परंतु खेळाडूंनी मानधन आणि सोयींचा विषय काढला होता, हे त्या वेळच्या वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. तेव्हा के. पी. एस. गिल महासंघाचे अध्यक्ष होते आणि ते त्या पदावर १९९४ ते २००८ असे चौदा वर्षे राहिले. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकची पात्रता भारताला प्रथमच मिळवता आली नाही. पाठोपाठ सचिवांवर लाचेचे आरोप झाले आणि मग तो महासंघ निलंबित झाला.

टिळकवाडीकर, तुमच्या हलकडे विनिपेग होते. लक्ष्मण यांच्याकडे काय होते? धनराज यांच्याकडे काय होते? देशाचा संघ एकच असतो. तेथून काढले, तर खेळाडूने जायचे कुठे? धनराज परदेशातील क्लबांकडून खेळले, पण देशाच्या जर्सीची जागा क्लबची जर्सी घेऊ शकत नाही. म्हणून मला आपल्या महासंघांचा अपराध वर्ट्झ यांच्यापेक्षा मोठा वाटतो. वर्ट्झ यांनी निदान संघात स्वतःचा पैसा घातला होता.

मलप्रभाकाठ

माजी सैनिक काका, आपल्या शेवटच्या मुद्द्यापुढे माझा आक्षेप टिकत नाही. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याच्याशी व्यवहार करताना "हा व्यवसाय आहे" असे म्हणणे चुकीचे ठरते. हलच्या बाबतीतही जून १९७२ च्या आधी तीच स्थिती होती, हे आता ध्यानात आले.

सुमेधा, शहापूर

सर्वांचे लेखन मन लावून वाचले. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, म्हणून मला लिहावी लागत आहे. बॉबी हलवर घरगुती हिंसाचाराचे गंभीर आरोप झाले होते. त्याच्या माजी पत्नीने आणि मुलीने ते दूरचित्रवाणीवर जाहीरपणे सांगितले होते. १९८० च्या दशकातील एका घटनेत पत्नीने तक्रार मागे घेतली, पण पोलीस अधिकाऱ्यावर हात उचलल्याच्या आरोपात तो दोषी ठरला. ही सर्व माहिती २००८ मध्ये उपलब्ध होती. तरीही संघाने त्याला सदिच्छादूत केले आणि पुतळा उभारला.

टिळकवाडीकर दादा, आपण या पुनर्मीलनाचे वर्णन "सन्मानाने परत बोलावले" असे केले आहे. मालकांनी खेळाडूवर केलेला अन्याय खरा आहे, त्याविषयी माझे दुमत नाही. परंतु कराराचा अन्याय दूर करणे आणि त्या माणसाला संघाचा चेहरा बनवून शाळकरी मुलांसमोर उभे करणे यांत फरक आहे. पहिल्या गोष्टीसाठी थकलेली देणी, माफी आणि क्रमांकाचा मान पुरेसा होता. दुसऱ्या गोष्टीत त्या घरातील स्त्रियांचे म्हणणे विचारातच घेतले गेले नाही. गेलेला प्रेक्षक परत आणायचा होता आणि हल त्यासाठी उपयोगी होता. म्हणजे १९७२ मध्ये मालकांनी त्याला जसे वापरले, तसेच २००८ मध्येही वापरले, या वेळी फक्त प्रेमाने.

चिकोडीकर

सुमेधाताईंशी सहमत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संघाने हल आता कोणत्याही अधिकृत भूमिकेत नसेल असे जाहीर केले आणि जानेवारी २०२३ मध्ये ८४ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

काकांच्या मुद्द्याला एक जोड देतो. आता भारतातही हॉकीचे संघमालक आले आहेत. हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उभी राहिली. त्या हंगामासाठी झालेल्या खेळाडूंच्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख रुपये मिळाले, हे चांगलेच झाले. पण २०१३ चे पहिले विजेतेपद मिळवणारा रांची ऱ्हायनोज हा संघ पुढे मालकांच्या आपसांतील वादामुळे लीगमधून बाहेर पडला. मालकाचे भांडण खेळाडूशीच व्हायला हवे असे नाही, दोन मालक भांडले तरी खेळाडू रस्त्यावर येतो. या तुलनेत कोडगूमध्ये १९९७ पासून चालणारी कौटुंबिक हॉकी स्पर्धा मला मोलाची वाटते. तेथे प्रत्येक संघ एका कुटुंबाचा असतो, शेकडो कुटुंबे उतरतात, घरातील मुली आणि वडीलधारी मंडळीही खेळतात, आणि कुणाला संघातून विकून टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या बेळगाव भागातही असे काही सुरू करता येईल का, यावर स्वतंत्र धागा काढावा, अशी विनंती आहे.

टिळकवाडीकर

सुमेधाताई, आपण दाखवलेली बाजू या प्रकरणातून वगळता येणार नाही. रॉकी वर्ट्झ यांना वडिलांच्या काळातील कटुता संपवायची होती आणि रिकाम्या खुर्च्याही भरायच्या होत्या. या दोन्ही हेतूंत हलच्या घरातील माणसांना जागा नव्हती. पुतळ्याबाबत माझे मत आपल्यासारखेच आहे. क्रमांक निवृत्त करणे खेळापुरते असते, पुतळा त्याच्या पलीकडे जातो. मूळ लेखातील "सन्मानाने" हा शब्द मी तसाच ठेवतो, कारण संघाने त्याला बोलावले ते तसेच. तो सन्मान कितपत योग्य होता, याविषयी मात्र आपला प्रतिसाद वाचूनच वाचकांनी मत बनवावे.

माजी सैनिक काका, शंकर लक्ष्मण यांच्याविषयी आपण लिहिलेत, ते सविस्तर यायला हवे. रेजिमेंटमध्ये त्यांच्यासोबत खेळलेल्या कुणाच्या आठवणी आपल्या ऐकण्यात असतील, तर कृपया येथेच लिहा. बंडू पाटील यांच्याविषयीही बेळगावच्या जुन्या मंडळींकडे माहिती असेल. चिकोडीकरांनी सुचवलेला धागा मी या आठवड्यात काढतो.

कॅम्पातील माजी सैनिक

लिहितो. रेजिमेंटच्या सेंटरमधील दोन जुने सुभेदार अजून बेळगावातच राहतात, दोघांनीही सेनादलाची हॉकी जवळून पाहिली आहे. त्यांना भेटून, विचारून, मगच लिहीन.